फाट्यावरचा रस्ता नक्की कोणाचा?

आमच्या गावच्या फाट्यावर एका संध्याकाळी एसटीतून उतरलेल्या शाळकरी मुलाला दुचाकीनं उडवलं. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. त्याच रात्री गावातल्या पोरांनी एक ट्रॉली खडी आणि सहा गोण्या सिमेंट आणलं आणि डांबरी रस्त्यावर आडवा उंचवटा बांधून टाकला. सकाळी सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते.

तीन आठवड्यांनी, पहाटे साडेपाचला, डेअरीला दूध घालायला निघालेलं शेजारच्या वस्तीवरचं जोडपं त्याच उंचवट्यावरून उडालं. अंधार होता. उंचवट्यावर रंग नव्हता, अलीकडे फलक नव्हता. काकूंच्या डोक्याला मार लागला, वीस दिवस त्या दवाखान्यात होत्या. रस्त्यावर पसरलेलं दूध आणि त्यात पडलेली त्यांची एक चप्पल मला अजून दिसते.

त्या दिवशी दुपारी मी शाळेतून फूटपट्टी आणि सुतळी मागून आणली आणि उंचवटा मोजला. उंची २२ सेंटिमीटर, रुंदी पावणेदोन फूट. देशातल्या रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. तिच्या गतिरोधकाच्या मानकात (आयआरसी ९९) उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे साधारण बारा फूट, सांगितली आहे. ताशी २५ किलोमीटरनं येणारी गाडी न आदळता वर चढून खाली उतरावी, असा तो पसरट गोलवा असतो. आमचा उंचवटा दुप्पट उंच आणि सातपट अरुंद होता. रात्रीच्या अंधारात ती आडवी भिंतच होती.

पोरांचा राग खरा होता. अर्ज करून काही होत नाही हा त्यांचा अनुभवही खरा होता. म्हणून मी ठरवलं की अर्ज नेमका कुठं अडतो ते बघायचं. तीन कार्यालयं फिरले आणि तिन्हीकडं एकच वाक्य ऐकलं : "ताई, हा रस्ता आमच्याकडं नाही."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलं असेल. अपघात म्हणजे शहरातली गोष्ट असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यातली साधारण ६८ टक्के ग्रामीण भागात गेली. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. मेलेल्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा आणि त्यानंतर पायी चालणाऱ्यांचा. आपल्या फाट्यावर नेमकी हीच माणसं असतात.

आधी रस्ता ओळखा

गावातून जाणारा प्रत्येक रस्ता कुठल्या ना कुठल्या यादीत असतो आणि यादीवरून त्याचा मालक ठरतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. त्याचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बघतं, नाहीतर राज्याच्या बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (कागदावर 'प्रजिमा') सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, म्हणजे आपण ज्याला पीडब्ल्यूडी म्हणतो त्याच्याकडं. इतर जिल्हा मार्ग ('इजिमा') आणि ग्रामीण मार्ग ('ग्रामा') जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं. गावठाणातल्या आतल्या गल्ल्या आणि रस्ते ग्रामपंचायतीचे. शेताकडं जाणाऱ्या पाणंद आणि शिव रस्त्यांचा वाद असेल, तर तो तहसीलदारांकडं जातो.

गोंधळ होतो तो एकाच रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या यादीत असतात म्हणून. आमच्या फाट्यावर तीन मालक भेटतात. मुख्य रस्ता प्रजिमा, तिथून गावात येणारा दीड किलोमीटरचा तुकडा ग्रामीण मार्ग आणि कमानीच्या आतला काँक्रीटचा रस्ता ग्रामपंचायतीचा. मुलाला दुचाकीनं उडवलं ते प्रजिमावर. आमचे आधीचे सगळे अर्ज मात्र जिल्हा परिषदेला गेले होते, कारण 'गावचा रस्ता म्हणजे झेडपीचा' अशी आमची समजूत. म्हणजे पीडब्ल्यूडीचं उत्तर टोलवाटोलवीचं होतं, पण जिल्हा परिषदेचं अगदी बरोबर होतं. त्यांनी योग्य कार्यालयाचं नाव सांगितलं नाही, एवढीच त्यांची चूक.

मालक कसा ओळखायचा? सगळ्यात सोपी खूण किलोमीटरच्या दगडाची. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, काळं (काही ठिकाणी निळं) असेल तर जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता. अर्थात दगड जागेवर असला पाहिजे आणि रंग टिकलेला असला पाहिजे. रुंदीकरणात तो उखडला गेला असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन 'नमुना २३' मागा. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची ही नोंदवही. तुमचा रस्ता त्यात असेल तर तो पंचायतीचा. नसेल तर पंचायत समितीत बसणाऱ्या जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याकडं रस्त्यांची यादी असते, तीत बघा. तिथंही नसेल तर पीडब्ल्यूडीच्या उपविभागात जा. हे शोधताना रस्त्याचा क्रमांक आणि 'साखळी क्रमांक' लिहून आणा. साखळी क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, उदाहरणार्थ कि.मी. १४/२००. 'मारुतीच्या देवळाजवळचं वळण' असं लिहिलं तर अभियंत्याला ते त्याच्या कागदांत सापडत नाही. १४/२०० लिहिलं की सापडतं.

ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर आणखी एक गोष्ट बघा. रस्त्याच्या तोंडाशी मोठा फलक असतो, त्यावर ठेकेदाराचं नाव आणि देखभालीचा कालावधी लिहिलेला असतो. काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदारानं करायची असते. त्या मुदतीत साइडपट्टी (डांबराच्या कडेची मातीची पट्टी) वाहून गेली किंवा खड्डे पडले तर वेगळा निधी मागायची गरज नसते. मुदत संपायच्या आधी पत्र गेलं पाहिजे, इतकंच.

गतिरोधकाच्या आधी पुष्कळ काही आहे

गावाला अपघातावरचा एकच उपाय माहीत असतो : गतिरोधक. पण राष्ट्रीय आणि राज्य महामार्गावर एरवी गतिरोधक घालायचेच नसतात. आयआरसीच्या मानकात गतिरोधकाची पहिली जागा सांगितली आहे ती लहान रस्ता मोठ्या वेगवान रस्त्याला मिळतो तिथं, आणि तीही लहान रस्त्यावर. म्हणजे आपल्या गावातून मोठ्या रस्त्यावर निघणारा माणूस आधी थांबला पाहिजे, हा हेतू. मला हे वाचून थोडा धक्का बसला होता. वेग त्यांचा आणि अडवणूक आपली, असं वाटलं. मग एक रविवार फाट्यावर बसून काढला. वहीत लिहीत गेले. गावातून येणाऱ्या दर दहा दुचाक्यांमधल्या सात-आठ मान न वळवता थेट मोठ्या रस्त्यावर चढत होत्या. त्यात माझ्या घरची एक होती.

मोठ्या रस्त्यावर खरा प्रश्न असतो दिसण्याचा. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर पुढं जाते. समोर मूल दिसलं, मेंदूनं ते ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, तोवर गाडी कितीतरी पुढं आलेली असते आणि मग ती घसटत थांबते. आयआरसीच्या हिशेबानं ६० च्या वेगाला थांबण्यासाठी ८० मीटर मोकळी नजर लागते. ८० च्या वेगाला १२० मीटर. उलट ४० च्या वेगाला ४५ मीटर पुरतात. वेग थोडाच वाढतो, पण लागणारं अंतर मात्र कितीतरी वाढतं. आणि धडक झालीच तर? जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मरणाचा धोका साडेचार पट होतो.

आम्ही फाट्यावर टेप लावला. वळणावरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला एसटीच्या थांब्यावरचा माणूस किती लांबून दिसतो, ते मोजलं. अंतर निघालं ३५ मीटर. कारण वळणाच्या आतल्या बाजूला वेडी बाभूळ माजली होती, पार डांबराच्या कडेपर्यंत. ती जागा रस्त्याच्या हद्दीतली, म्हणजे बांधकाम खात्याची. शाखा अभियंता तोंडी म्हणाले, "काढून टाका की." आम्ही दोन ओळींचं पत्र देऊन त्यांची लेखी संमती घेतली आणि मग एका जेसीबीवाल्यानं डिझेलच्या पैशात ती साफ केली. परत टेप लावला, ९० मीटर दिसत होतं. एक रुपयाचाही शासकीय निधी लागला नाही. हे काम आम्ही दहा वर्षांपूर्वी करू शकलो असतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट एसटीच्या थांब्याची. बस वळणाच्या तोंडाशी थांबायची आणि मुलं बसच्या पुढून रस्ता ओलांडायची. मागून ओव्हरटेक करणाऱ्याला मूल दिसायचं नाही, मुलाला गाडी दिसायची नाही. हे आम्हा सदस्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते पुढं आलं महिला सभेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असं कायद्यातच आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते. आमच्याकडं त्या वेळी खरोखर झाली आणि एक वहिनी उभ्या राहून म्हणाल्या, "गाडी शंभर पावलं पुढं थांबली तर काय बिघडतं? तिथून दोन्हीकडचं दिसतंय." आगार प्रमुखांना पत्र गेलं, सोबत महिला सभेचा ठराव. थांबा हलला.

तिसरी गोष्ट साइडपट्टी. डांबरावर डांबराचे थर चढत जातात आणि कडेची माती पावसानं खचते. मग डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर पायरी तयार होते. समोरून उसाची डबल ट्रॉली आली की दुचाकीवाला खाली उतरतो, चाक त्या पायरीत अडकतं आणि तो आडवा होतो, कधी ट्रॉलीच्या बाजूलाच. पोलिसांच्या कागदात याचं कारण 'वाहनावरील ताबा सुटून' असं येतं. पायरीचा उल्लेख त्यात नसतो.

आणि ऊस. आमच्या भागात दिवाळीच्या मागंपुढं गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागं लोंबणाऱ्या उसानं टेललाइट झाकली जाते, बैलगाडीला तर लाइटच नसते. डिपरवर चालणाऱ्या दुचाकीला ती गाडी दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मागं लाल, पुढं पांढरी आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टरची पट्टी लावली तर तीच गाडी कितीतरी लांबून चमकते. मोटार वाहनांना रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या तोंडाला मोहीम घेतात, पण ट्रॉली चिखलातून एकदा गेली की पट्टी लेपून जाते. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभ्या असलेल्या गाडीची पट्टी ओल्या फडक्यानं पुसायला एक मिनिटही लागत नाही. हे आमच्या गावच्या एका ऊसतोड टोळीच्या मुकादमानं सुरू केलं आणि बाकीच्या टोळ्यांनी उचललं.

काळा ठिपका कोण लावतं

'इथं इतके अपघात होतात, तरी सरकारला दिसत नाही का?' हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत येतो. सरकारला दिसतं ते नोंदीतून. राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा पट्टा 'ब्लॅक स्पॉट' ठरायला तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात तरी लागतात, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू. हा आकडा पोलिसांच्या नोंदीतून येतो. आता पोलीस ही माहिती 'ई-डार' या संगणकीय प्रणालीत अक्षांश-रेखांशासह भरतात.

आता गावात काय होतं ते बघा. दुचाकी घसरली, हात मोडला, दोघांनी उचलून खासगी दवाखान्यात नेलं. समोरचा ओळखीचा निघाला, तडजोड झाली. पोलिसांत कुणी गेलंच नाही. म्हणजे सरकारी नकाशावर तो अपघात झालाच नाही. आमच्या फाट्यावर आम्हाला आठवून आठवून चार वर्षांतले १९ अपघात मोजता आले. ठाण्यात नोंद होती तीन अपघातांची.

म्हणून आम्ही ग्रामपंचायतीत एक साधी दोनशे पानी वही ठेवली. तारीख, वेळ, साखळी क्रमांक, कोणतं वाहन, काय लागलं, उजेड होता की अंधार, रस्ता ओला की कोरडा. माणसाचं नाव नाही, चूक कुणाची तेही नाही. चूक लिहायला लागलो की भांडणं होतात आणि वही बंद पडते. फाट्यावरचा पंक्चरवाला आणि मेडिकलवाला ही दोन माणसं या वहीचा कणा आहेत, कारण अपघात झाला की तिथं सर्वांत आधी तेच पोचतात. वर्षभरानं वही उघडली तर १४ पैकी नऊ नोंदी संध्याकाळी सहा ते आठमधल्या. त्यावरून कळलं की आमची पहिली गरज दिव्याची आहे.

लोक पोलिसांत जायला घाबरतात, त्यामागं एक जुनी भीती आहे : उचलून नेलं तर आपल्यावरच येईल. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ आलं. अपघातातल्या माणसाला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. शिवाय मे २०२५ पासून केंद्राची नवी योजना लागू आहे. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीवर ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार होतात. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार भरपाई मिळू शकते. या सगळ्याला पोलिसांची नोंद लागते. तडजोड करून घरी गेलेल्या माणसाचा हा हक्क तिथंच संपतो.

ठराव कसा लिहायचा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती संख्या लागते. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेला पुढच्या वेळी गणपूर्तीची अट नसते. विषय मात्र अजेंड्यावर असावा लागतो. 'ऐनवेळचे विषय' मध्ये शेवटी घुसवलेला रस्त्याचा विषय गोंगाटात वाहून जातो, हे मी पाच वर्षं पाहिलं आहे. नोटीस निघायच्या आधी ग्रामसेवक भाऊसाहेबांना (त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आहे) विषय लेखी द्या.

आमचा जुना ठराव असा होता : 'फाट्यावर वारंवार अपघात होत असल्याने गतिरोधक बसवणेत यावा, सर्वानुमते मंजूर.' हा ठराव पाच वेळा झाला होता, प्रत्येक वेळी एकाच उत्तरानं परत आला : 'मानकांनुसार सदर रस्त्यावर गतिरोधक अनुज्ञेय नाही.'

सहाव्या वेळी आम्ही लिहिलं : 'प्रजिमा क्र. अमुक, कि.मी. १४/२०० ते १४/५०० या लांबीत शाळा, एसटी थांबा व गावाकडे जाणारा जोडरस्ता आहे. मागील चार वर्षांत १९ अपघात झाले असून यादी सोबत जोडली आहे. साइडपट्टी २० सें.मी. खचली आहे, छायाचित्रे सोबत. सदर ठिकाणी पोलीस, परिवहन व बांधकाम विभागाची संयुक्त पाहणी होऊन तांत्रिकदृष्ट्या योग्य उपाय ठरवून करावेत.' काय करायचं ते आम्ही सांगितलं नाही. काय अडचण आहे ते मोजून सांगितलं आणि उपाय ठरवायची जबाबदारी ज्याची आहे त्याच्यावर टाकली. 'संयुक्त पाहणी' या शब्दांना कार्यालयात वजन आहे. पाहणी झाली की अहवाल लिहावा लागतो आणि अहवाल फाइलमध्ये राहतो.

हा ठराव चार ठिकाणी गेला : बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडं, पोलीस ठाण्यात, आरटीओकडं आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, तिच्यात पोलीस, परिवहन, बांधकाम अशी सगळी खाती एका टेबलावर बसतात. 'आमच्याकडं नाही' हे वाक्य तिथं म्हणता येत नाही, कारण ज्याच्याकडं आहे तो शेजारीच बसलेला असतो. माझ्या मते गावांना सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत जास्त उपयोगी पडणारी ही जागा आहे.

प्रत्येक पत्राची पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. हे मी हट्टानं सांगते, कारण त्याला कायद्याचं बळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८ अ म्हणतं की रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल ठरवलेल्या सुरक्षा मानकांनुसार न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालयानं तेव्हा काय काय बघायचं तेही त्याच कलमात आहे. रस्त्याच्या त्या भागाची धोकादायक अवस्था यंत्रणेला माहीत होती का, किंवा माहीत असायला हवी होती का, हा त्यातला एक मुद्दा. तुमच्याकडची शिक्का मारलेली पोच म्हणजे 'माहीत होतं' याचा पुरावा. अभियंत्यांनाही हे कळतं. पोच असलेल्या पत्राची फाइल वेगळी ठेवली जाते.

ग्रामपंचायतीच्या हातात काय

रस्ता दुसऱ्याचा असला तरी पंचायत हात बांधून बसलेली नसते. दिवाबत्ती पंचायतीचीच. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात रस्ते, मोऱ्या, पूल हा एक आहे. पण विषय यादीत असणं वेगळं आणि पैसा असणं वेगळं. पैसा कुठून येतो ते एकदा समजून घ्या.

पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर. मग वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ६० टक्के 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि ४० टक्के 'अबंधित', ज्यातून रस्ता, दिवे असलं काम करता येतं. पण ते काम 'आमचं गाव, आमचा विकास' या वार्षिक आराखड्यात आधी लिहिलेलं हवं. आराखड्यात नाही तर खर्च नाही. आमचे फाट्यावरचे दोन दिवे एक वर्ष यामुळंच लांबले. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडून पैसा येतो तो दोन लेखाशीर्षांतून (लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबातला खर्चाचा क्रमांक) : ३०५४ म्हणजे देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे नवं बांधकाम आणि सुधारणा. गावातल्या मूलभूत सुविधांसाठी आमदारांच्या शिफारशीनं येतो तो '२५१५'. कार्यालयात हे आकडे नावासारखे वापरतात, तीस चोपन्न, पंचवीस पंधरा. तुम्ही 'फलक आणि साइडपट्टीचं काम ३०५४ मधून होईल का?' असं विचारलंत की समोरचा माणूस सरळ होऊन बोलतो. 'निधी नाही' हे उत्तर मोठ्या कामाला खरं असतं. पांढरा पट्टा, शाळेचा त्रिकोणी फलक, वळणाचे बाण, साइडपट्टीचा मुरूम, ही देखभालीतली कामं आहेत.

अतिक्रमणाचं मात्र अवघड असतं. गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार अधिनियमाच्या कलम ५३ नं पंचायतीला दिला आहे. अधिकार आहे, पण टपरी असते आपल्याच भावकीतल्या कुणाची. आम्ही टपऱ्या हटवल्या नाहीत, आठवडी बाजार हलवला. मंगळवारचा बाजार फाट्यापासून कमानीपर्यंत रस्त्यावर भरायचा. बाजार कर पंचायत घेते, म्हणजे जागा ठरवायचा हक्कही तिचाच. बाजार शाळेमागच्या मैदानात नेला. पहिले दोन महिने भाजीवाल्या मावश्या नाराज होत्या, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. उन्हाळ्यात तिथं पत्र्याची शेड झाली, तेव्हा त्या बोलायच्या थांबल्या.

पोरांनी बांधलेला उंचवटा संयुक्त पाहणीच्या दिवशीच जेसीबीनं काढला. त्यांच्यापैकीच दोघं घमेली घेऊन मलबा उचलायला आले, मी बोलावलं नव्हतं. आता गावातून निघणाऱ्या जोडरस्त्यावर मापातला गतिरोधक आहे, बारा फुटी, पांढऱ्या पट्ट्यांचा, आधी फलक असलेला. मोठ्या रस्त्यावर शाळेचे फलक आणि वळणाचे बाण लागले. दिवे लागले.

साइडपट्टी अजून तशीच आहे. पत्राला आठ महिने झाले. मागच्या सोमवारी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला आहे : सदर पत्रावर काय कार्यवाही झाली आणि फाइल आज कोणाकडं आहे. उत्तराला तीस दिवस असतात. अर्जाची पोच वहीच्या पहिल्या पानाला टाचली आहे.